अर्ध्या पुलांच्या गावाहून

ब्लॅकपूल (इंग्लंड),
शनिवार, ३१ मे

तीर्थरूप अण्णांना धाकटी बहीण शिवलीला हिचे शरणार्थ.

“लीला म्हणजे सुटलेलं वासरू हाय, दावं धरणारा असल्याबिगर हिला कुठं धाडू नका,” असं तुम्ही नळदुर्गच्या बसस्टँडवर म्हणाला होतात, त्याला यंदा छत्तीस वर्षं झाली. मी दहा वर्षांची होते. जळकोटची गाडी भरलेली होती आणि शेजारच्या गाडीत बसायला जागा होती, म्हणून मी शेजारच्या गाडीत बसले. ती अक्कलकोटला निघाली होती. तुम्ही मागून पळत येऊन मला उतरवलंत आणि घरच्यांसमोर हे वाक्य म्हणालात. तुम्हाला ते आठवत नसेल, म्हणणाऱ्याला कुठं आठवतं. पण काल शुक्रवारी मला दिवसभर दुसरं काही आठवतच नव्हतं. का, ते पुढं येईल.

आधी रीतीनं विचारपूस करते. अव्वांचा गुडघा कसा आहे? तेल रोज चोळलं जातं, की बाटली अजून खिडकीतच उभी आहे? वैनींचा खोकला कमी झाला का? तुमची साखर तपासली का? (जेवणानंतर तपासून जेवणाआधीची म्हणून सांगू नका.) मी बरी आहे. निकिता बरी आहे. आमच्याकडचे बेंबळीत म्हशीपाशी आहेत आणि तेही बरे असावेत, कारण फोनवर ते फक्त म्हशीबद्दल बोलतात.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही दुकानात फोन मोठ्या आवाजावर टाकून खताच्या पोत्यावर ठेवता आणि माझी खुशाली निम्म्या जळकोटाला कळते. मागच्या आठवड्यात इथल्या संडासात पाण्याची सोय नाही, नुसता कागद आहे, हे मी तुम्हाला हळूच सांगत होते, तर मधेच कोण्या गिऱ्हाइकानं “मंग ताई, कसं करता?” असं विचारलं. तेव्हापासून मी ठरवलं की आता पत्रच.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. अर्पिताच्या नोकरीबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. पोरीनं बँकेची परीक्षा पहिल्या झटक्यात काढली, गोंदियाला नेमणूक आली, एक जुलैला हजर व्हायचं आहे, आणि तुम्ही “गोंदिया काय शेजारी हाय व्हय? एकटी पोरगी न्हाय जायची, राजीनामा लिही,” म्हणून विषय संपवलात. मी इकडं यायच्या आदल्या दिवशी तुमच्या ओसरीवर हे झालं तेव्हा मी तिथंच बसले होते. लेक तुमची, निर्णय तुमचा. मी फक्त प्रवासाचं वर्णन लिहिते आहे.

तर अण्णा, इथं समुद्रात पूल आहे. निकितानं मला गुरुवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, तो दाखवला. लोखंडी खांबांवर उभा, वर लाकडी फळ्या, रस्त्यापासून निघून सरळ पाण्यात शिरलेला आणि बराच आत जाऊन मधेच संपलेला. पलीकडं काही नाही. मी दोनदा डोळे पुसून पाहिलं (वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येतं इथं, पण पूल खरोखरच तेवढाच होता). आता आपण मराठवाड्यातली माणसं, अर्धा पूल पाहिला की आपल्याला काही विचारावं लागत नाही. गुत्तेदार पळाला. पण धक्का मला पुढचा बसला. त्या अर्ध्या पुलावर यांनी जत्रा भरवली आहे. पाळणे, आइस्क्रीम, हात बघणारी बाई, गोल फिरणारी खोटी घोडी. माणसं शेवटपर्यंत चालत जातात, खाली पाणी बघतात आणि काम पूर्ण झाल्यासारखी समाधानानं परत येतात. कोणाचाही मोर्चा नाही, निवेदन नाही. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटला. निकिता फोनवर बोलत होती म्हणून मी तिला काही विचारलं नाही, आणि तिथंच माझं चुकलं. कारण मी मनाशी खूण बांधली की या अर्ध्या पुलासमोरची तिसरी गल्ली, त्यात पांढरं दार, दारावर टांगलेली फुलांची टोपली, म्हणजे निकिताचं घर. एका गावात एवढा मोठा पूल अर्धवट राहिल्यावर दुसऱ्याला मंजुरी मिळेलच कशी, असा साधा हिशेब होता माझा.

वर आणखी दोन खुणा धरल्या होत्या. एक म्हणजे पुलाच्या पायऱ्यांपाशी वाळूत ओळीनं उभी असलेली गाढवं, आणि दुसरी म्हणजे खुद्द समुद्र, जो गुरुवारी रस्त्याच्या भिंतीला येऊन थडकत होता.

शुक्रवारी निकिता सकाळी सातला दवाखान्यात गेली (नर्सला इथं बारा तास उभं राहावं लागतं, तिच्या पायांकडं मला बघवत नाही). जाताना म्हणाली, “आई, घरातच थांब.” मग माझं तोंड बघून म्हणाली, “बरं, जायचंच असलं तर टॉवरपर्यंत जा. समुद्र डाव्या हाताला ठेव, म्हणजे चुकणार नाहीस.” मला हसू आलं. एकवीस वर्षं मी चौथीच्या पोरांना नकाशा शिकवते. महाराष्ट्राच्या नकाशात समुद्र डाव्याच हाताला आहे, आमच्या शाळेतली पोरं झोपेतसुद्धा डावा हात वर करून अरबी समुद्र दाखवतात. म्हटलं, हे तर आपलंच गाव झालं.

साडीवर स्वेटर, स्वेटरवर निकिताचा रेनकोट, पायात खेळाचे बूट, पिशवीत चार धपाटी, अशी मी निघाले. रस्त्यावर आले आणि अण्णा, समुद्र जागेवर नव्हता. गुरुवारी जिथं लाटा होत्या तिथं वाळू, आणि वाळूच्या पार टोकाला, जळकोटाहून नळदुर्ग दिसावं इतक्या लांब, एक पांढरी रेघ. मी आजूबाजूला पाहिलं. कोणाला काहीच वाटलेलं नव्हतं. काल जिथं पाणी डोक्यावरून गेलं असतं तिथून एक बाई कुत्रं घेऊन चालली होती. भरती-ओहोटी मी पुस्तकातून शिकवलेली आहे, ‘समुद्राचे पाणी किनाऱ्यावर येते व मागे जाते’ असं एका ओळीत. पण मागे जाते म्हणजे मला हातभर, फार तर दोन हात वाटलं होतं. अख्खा समुद्र उठून निघून जातो हे आमच्या पुस्तकात नाही. शाळा उघडली की मी आधीच्या एकवीस वर्षांच्या पोरांची माफी मागणार आहे, जी सापडतील त्यांची.

समुद्र नाही म्हणून वाळू डाव्या हाताला ठेवून चालले. वाऱ्यानं पदर रेनकोटातून सुटून माझ्यापुढं दोन पावलं चालत होता, त्याला आवरण्यात वाटेत काय काय मागं गेलं ते मी पाहिलंच नाही. टॉवर लोखंडी आहे, चांगला उंच, वर टोकदार कळसासारखा. आता कळस दिसला की आपले पाय आपोआप जे करतात ते माझ्या पायांनी केलं. टॉवर उजव्या हाताला घेऊन मी एक फेरी मारली. एक मारून थांबणं बरं दिसेना, म्हणून तीन मारल्या. तिसरी संपली तेव्हा मी कुठून आले होते हे मला सांगता येत नव्हतं. पण निकिताचा मंत्र होता ना. समुद्र डाव्या हाताला. तसा तो ठेवला आणि घरी परत निघाले.

तुम्ही दुकानात बसून आत्ताच हसला असाल. जाताना डाव्या हाताला असलेला समुद्र येताना उजव्या हाताला यायला पाहिजे, हे मी दर जूनमध्ये फळ्यावर चित्र काढून शिकवते.

पण गंमत अशी की पाच-सात मिनिटांत पूल आला. तोच रस्ता, तोच अर्धवटपणा. मला वाटलं, ओळखीची वाट लवकर सरते तशी सरली. गाढवं तेवढी नव्हती. तिथं एका बाकावर बसलेल्या बाईंना मी विचारलं (माझं इंग्रजी पाचवीच्या पुस्तकापुढं जात नाही, पण गाढव त्यात आहे). त्या म्हणाल्या, आज शुक्रवार, आज गाढवांची सुट्टी. मला वाटलं माझ्या समजण्यात चूक झाली. मी पुन्हा विचारलं. नाही, दर शुक्रवारी सुट्टी असते. आणि रोज दुपारी जेवणाची एक तासाची वेगळी. अण्णा, आपल्याकडचं वीटभट्टीवरचं गाढव डोळ्यांपुढं आणा आणि मग मी तिथं बाकावर का बसले ते तुम्हाला समजेल. मला स्वतःला मे महिन्यात मतदारयाद्यांच्या कामाला बोलावतात. मी बराच वेळ त्या बाईंशेजारी बसून राहिले. त्यांनी मला “लव्ह” म्हणून हाक मारली आणि बरं वाटत नाही का विचारलं. इथं सगळेच एकमेकांना तसं म्हणतात, ट्रामचा कंडक्टरसुद्धा. आमच्याकडचे चोवीस वर्षांत ‘ऐकलं का’च्या पुढं गेलेले नाहीत, त्यामुळं मला ते पचायला वेळ लागला.

मग पुलासमोरची तिसरी गल्ली, पांढरं दार, फुलांची टोपली. किल्ली लावली, फिरेना. जोर लावला. दार आतून उघडलं आणि अंगावर टॉवेलाचा झगा घातलेले एक म्हातारे गृहस्थ उभे. आपल्याकडं परक्याच्या दाराला किल्ली लावताना बाई सापडली असती तर गल्ली गोळा झाली असती, आणि पुढचं मी लिहीत नाही. हे गृहस्थ म्हणाले, “तू ठीक आहेस ना, लव्ह?” आणि मला आत बसवून चहा दिला. चहा म्हणजे कोमट पाणी, त्यात दूध दाखवलेलं. पण मी तो सगळा प्यायले. मी म्हटलं, माझं घर पुलासमोर. त्यांनी विचारलं, कुठल्या? मी म्हटलं, अर्ध्या. त्यांना ते कळलं नाही. मग त्यांनी पाकिटाच्या मागच्या बाजूला किनारा काढला आणि त्यातून समुद्रात जाणाऱ्या तीन रेघा ओढल्या.

तीन आहेत, अण्णा. एकाच गावात. आणि एकही अर्धवट नाही. ते तेवढेच बांधायचे होते. दीडशे वर्षांपूर्वी माणसांनी ठरवून, आराखडा काढून, समुद्रात थोडं चालून परत येता यावं एवढ्यासाठी बांधले आहेत, कुठंही न जाणारे. मी कप खाली ठेवला. गुत्तेदार पळाला म्हणून मी ज्याच्याबद्दल दोन दिवस हळहळत होते, त्या बिचाऱ्यानं काम वेळेत पूर्ण केलं होतं.

तुझा पूल कोणता, पहिला, मधला की शेवटचा, असं त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. वाळू उजव्या हाताला ठेवून मी दुसऱ्या पुलापर्यंत चालले. तिथंही तिसऱ्या गल्लीत पांढरं दार होतं, टोपली होती. लाल विटांची सारखीच घरं, एका साच्यातून काढल्यासारखी. किल्ली लागली नाही. आतून एका मांजरानं काचेतून माझ्याकडं पाहिलं आणि पाठ फिरवली. मी त्याच दाराच्या पायरीवर बसले.

तिथं बसल्यावर मला एक गोष्ट लक्षात आली, ती तुम्हाला सांगावी की नाही कळत नाही. या क्षणी मी कुठं आहे हे जगात कोणालाही माहीत नव्हतं. नळदुर्गच्या त्या दिवसानंतर असं कधी झालं नव्हतं. हायस्कूलला तुम्ही सोडायला होतात, डी.एड.ला तुम्ही, लग्नानंतर बेंबळीला पोचवायलाही तुम्ही पुढच्या जीपमध्ये. पुढं आमच्याकडचे, मग निकिता. विमानतळावरसुद्धा मला चाकाच्या खुर्चीत बसवून गळ्यात पाटी अडकवून नेलं (माझे पाय धड आहेत हे मी तिघांना सांगितलं). तेव्हा पायरीवर मी भीतीची वाट बघत बसले. ती आली असती तर मी रडले असते. भीती आली नाही. भूक लागली.

पुन्हा समुद्राकडं आले, धपाटी काढली. पहिलं तोंडाशी नेलं आणि डोक्यावरून कोंबड्याएवढा पांढरा पक्षी आला आणि धपाटं घेऊन गेला. हातातून, अण्णा. बोटाला धक्कासुद्धा लागला नाही. मी उरलेली तीन रेनकोटाच्या आत मान घालून खाल्ली. तेवढ्यात निकिताचा फोन आला, आई कुठं आहेस. आणि मी, जी पोरांना खरं बोला म्हणून रोज फळ्यावर लिहिते, ती म्हणाले, घरी.

“घरी पाळणा कुठून आला? मागं गाणं वाजतंय.”

“टीव्ही लावलाय.”

“आई, टीव्ही बिघडलाय.”

मी फोन ठेवून दिला. लेकीचा फोन ठेवून दिला. त्या दिवशीच्या सगळ्या धक्क्यांत मला स्वतःचा धक्का सर्वांत मोठा होता.

मग थोडा विचार केला आणि वाट सापडली. साडेतीनला घरी होते.

संध्याकाळी निकिता आली. आठ वाजून गेले होते आणि बाहेर आपल्या पाच वाजल्यासारखं ऊन होतं. ती बूट न काढताच बोलायला लागली. तुला काही समजतं का, उद्यापासून एकटीनं बाहेर पाऊल टाकायचं नाही, मी बरोबर असले तरच. शब्द तिचे होते, आवाज तुमचा होता. मी मान खाली घालून ऐकत होते आणि मग पाहिलं, तिच्या पिशवीतली पाण्याची बाटली भरलेलीच होती. दुपारपासून तिनं पाणी प्यायलेलं नव्हतं. तेव्हा मला नळदुर्गचा दिवस पुन्हा दिसला, पण या वेळी तुमच्या बाजूनं. तुम्ही सतरा वर्षांचे होता. गाडीमागं पळताना तुमची एक चप्पल स्टँडवरच राहिली होती आणि पाय खडीनं फुटला होता. छत्तीस वर्षं मी तुमचं वाक्य जपून ठेवलं, तो पाय विसरले. याबद्दल मी तुमची माफी मागते.

आणि अण्णा, त्या दिवशी ओसरीवर तुम्ही राजीनामा लिही म्हणालात तेव्हा अर्पितानं आधी तुमच्याकडं पाहिलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. आत्या काहीतरी म्हणेल, तिनं स्वतःची लेक समुद्रापार धाडली आहे, असं तिला वाटलं असणार. मी चहाचे कप उचलून आत गेले. कपांत अजून चहा होता. ओट्याशी उभी राहून मी तो मोरीत ओतला आणि कप दोनदा विसळले, म्हणजे बाहेर यायला उशीर होईल. तुमच्या नकारापेक्षा माझे ते विसळलेले कप तिला जास्त लागले असतील. पण या विषयावर लिहिणार नाही असं मी म्हटलं आहे, तेव्हा इथंच थांबते.

अव्वांच्या पायांवर डोकं ठेवते. वैनींना माझी आठवण सांगा.

तुमची,
लीला

ता. क. वैनींनी दिलेला काळा मसाला संपत आला आहे. इथं फोडणी टाकली की छतावरचं एक यंत्र किंचाळतं आणि घरातले सगळे भाडेकरू रस्त्यावर जाऊन उभे राहतात. परवा माझ्या वांग्यासाठी अकरा माणसं पायजम्यात थंडीत उभी होती. तरी एक पुडी बांधून ठेवायला सांगा, पुढच्या खेपेला धाडू.

ता. क. दुसरा. वर ‘थोडा विचार केला आणि वाट सापडली’ असं लिहिलं आहे ते खरं नाही. मी अर्पिताला फोन केला. माझ्या व्हिसाचा फॉर्म तिनंच भरला होता, त्यामुळं निकिताचा पत्ता तिच्याकडं होता. तुमच्याकडं तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. ती दुकानामागच्या खोलीत बसून मोबाइलवरच्या नकाशात माझा ठिपका बघत होती आणि मी इंग्लंडात चालत होते. “आत्या, तोंड कुणीकडं हाय तुझं?” मी म्हटलं, मला काय माहीत. “मंग दहा पावलं चाल, ठिपका हलला की कळतंय.” चालले. “आता उजवीकडं वळ. तो न्हाय आत्या, दुसरा उजवा.” मधेच तुम्ही बाहेरून युरियाच्या पोत्यांची पावती करायला तिला हाक मारलीत आणि ती “थांब, हलू नको,” म्हणून गेली. तेवढा वेळ मी दिव्याच्या खांबाला धरून उभी होते, खरंच हलले नाही. परत येताना तुम्ही कोणाचा फोन म्हणून विचारलंत आणि ती मैत्रिणीचा म्हणाली. शेवटच्या पुलासमोरची तिसरी गल्ली तिनं मला जळकोटात बसून दाखवली. दार उघडल्यावर म्हणाली, “पप्पांना सांगू नको, तुलाच बोलतील.” नोकरीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. मी बोलेन याची वाट बघत ती थोडी थांबली, असं मला वाटलं.

ता. क. तिसरा. पोस्टातल्या बाई म्हणतात पत्राला पंधरा दिवस लागतील. म्हणजे बहुतेक माझ्या मागून येईल. आलं की माझ्यासमोर वाचू नका, समोर मला काही बोलता येत नाही हे तुम्ही पाहिलेलं आहे. तुम्ही नाहीच म्हणणार, आणि समजा हो म्हणालात तरी गोंदियापर्यंत बरोबर जाणार, खोली बघणार, भांडी लावणार, बँकेच्या साहेबाला भेटणार, हेही मला माहीत आहे. तरी मागते. एकोणतीस जूनला सकाळी सोलापूरच्या गाडीत तिची बॅग वर ठेवा, आणि गाडी सुटायच्या आधी तुम्ही खाली उतरा.